भिंत नसलेला दरवाजा : बांधकामे, पाडकामे आणि कॅमेरा

छत्रपती संभाजीनगरातील दिल्ली दरवाजासमोर उभे राहिले, की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. दरवाजा शाबूत आहे, कमान भव्य आहे. पण ज्या तटबंदीत तो बसवला होता, ती तटबंदी त्याच्या अंगाला उरलेली नाही. वाहने कमानीच्या बाजूने निघून जातात. पैठण दरवाजा, कटकट दरवाजा, रोशन दरवाजा यांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. भिंत असते म्हणून दरवाजा असतो, हा साधा नियम या शहरात उलटा झाला आहे.

‘बावन्न दरवाजांचे शहर’ असे बिरुद मिरवणाऱ्या या नगरात आज त्यांपैकी डझनभराहून थोडे अधिक दरवाजे उभे आहेत. त्या उभ्या दरवाजांची छायाचित्रे हजारोंनी सापडतात. पडत जाणाऱ्या भिंतीची मात्र शोधूनही हाती लागत नाहीत. भिंत एका दिवसात पडली नाही. रस्ता हवा, दगड हवे, घराला जागा हवी, अशा एकेका कारणाने ती दशकानुदशके झिजत गेली. असे झिजणे टिपण्यासाठी कोणी कॅमेरा लावून बसत नाही.

हा धागा त्याच प्रश्नाचा आहे. बांधकामाची छायाचित्रे कोण काढते, कशासाठी काढते, आणि शहराची स्मृती म्हणून नंतर त्यांपैकी काय हाती उरते?

आरंभी एक खुलासा. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेली खडकी, पुढे फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. एकोणिसाव्या शतकातील सर्व चित्रशीर्षकांवर ‘औरंगाबाद’ असेच नाव आहे. जुन्या काळाबद्दल लिहिताना इथेही तेच वापरले आहे. अभिलेखागारात शोध घेणाऱ्याला दोन्ही नावे लागतात, एकाने भागत नाही.

कॅमेरा या परिसरात आला तो लेण्यांच्या ओढीने. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी नेमणूक झाली. बारा-एक वर्षे कुंचला चालवल्यावर १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये लंडनहून त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकाचा मजकूर वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने लिहिला होता. गिलची नजर होती ती प्राचीनावर. त्याच्या काळातले जिवंत गाव, चालते रस्ते, नव्याने रचल्या जाणाऱ्या भिंती हा त्याचा विषय नव्हता, आणि त्याला पाठवणाऱ्यांचाही नव्हता.

गिलच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्या जळाल्या. अजिंठ्याच्या इतिहासात ही हकीकत नेहमी सांगितली जाते. पण त्या इमारतीचे छायाचित्रणाच्या इतिहासात आणखी एक स्थान आहे, ते सहसा सांगितले जात नाही. हाइड पार्कमधून उखडून आणलेला हा काचेचा महाल १८५२ ते १८५४ या काळात सिडनहॅमला पुन्हा उभारला जात होता, तेव्हा फिलिप हेन्री डेलामोट या छायाचित्रकाराने त्या कामाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे काढली होती. पाया, लोखंडी खांब, अर्धवट कमानी, शेवटी पूर्ण इमारत. एखादे बांधकाम पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेऱ्याने नोंदवण्याचे जगातील सुरुवातीचे ठळक उदाहरण म्हणून त्याचे नाव घेतले जाते. म्हणजे बांधकाम-छायाचित्रणाची परंपरा जिथे आकाराला आली, त्याच छपराखाली अजिंठ्याच्या प्रती राख झाल्या.

डेलामोटला हे काम कशासाठी दिले गेले? महाल उभारणारी एक कंपनी होती, तिचे भागधारक होते, आणि आपला पैसा कुठवर पोहोचला हे त्यांना पाहायचे होते. ‘प्रगतीचे छायाचित्र’ हा प्रकार जन्मला तो हिशेबाच्या पोटी.

महाराष्ट्रात या प्रकाराचे पहिले मोठे उदाहरण सापडते ते बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने जानेवारी १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू केले. सुमारे १६ मैलांच्या चढात १,८३१ फूट उंची गाठायची, २५ बोगदे खोदायचे आणि ८ मोठे दगडी पूल बांधायचे होते. कंत्राटदार होता विल्यम फेव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगार उठले, दंगा झाला, सरकारी चौकशी लागली, आणि काही आठवड्यांत फेव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मरण पावला. कंत्राट बुडायचे ते त्याच्या विधवेने, अॅलिस ट्रेडवेल हिने सावरले. प्रत्यक्ष काम अॅडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांकडे सोपवून तिने ते तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट वाहतुकीस खुला झाला. त्या कामाच्या छायाचित्रांचे श्रेय याच अॅलिस ट्रेडवेलला दिले जाते.

कंत्राट चालवणारी व्यक्तीच कॅमेरा चालवते, हे बोरघाटाचे वैशिष्ट्य. आजच्या भाषेत सांगायचे तर ठेकेदाराने बिलासोबत जोडलेले फोटो. ती चित्रे देखणी आहेत यात शंका नाही. कातळाच्या कड्यांवर मचाण बांधलेली, दरीत पुलाचे खांब वर येत असलेले. पण १८६१ मध्ये या घाटात ४२ हजारांपर्यंत माणसे राबत होती, पटकीने आणि अपघातांनी मरत होती, ती माणसे या चित्रांत गर्दीने दिसत नाहीत.

याला एक निव्वळ तांत्रिक कारणही आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय जुन्या छायाचित्रांवर आरोप करणे अन्यायाचे होईल. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यायचे आणि काच सुकण्याआत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. घाटातल्या उन्हात हा सारा खटाटोप काही मिनिटांत उरकावा लागे. झडप कित्येक सेकंद उघडी राही. तेवढ्या वेळात जो हलला, तो पुसट झाला. जो चालत गेला, तो काचेवर उमटलाच नाही. पाटी डोक्यावर घेऊन चढणारी बाई चित्रातून नाहीशी होई आणि छत्री घेऊन स्वस्थ उभा असलेला साहेब स्पष्ट येई. मजूर दिसतात ते ‘थांबा’ म्हणून उभे केलेले, आणि बहुधा पुलाची उंची कळावी म्हणून. माणूस इथे मोजपट्टी होतो. घाटातील एक मोठा दगडी पूल पुढे १८६७ मध्ये कोसळला. बांधून झालेल्या कामाचे सुरेख चित्र आणि ते काम भक्कम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच उघड झाले.

पाडकामाचा कॅमेरा मात्र जगात इतरत्र दिसतो. पॅरिसमध्ये बॅरन ओस्मानने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हा पालिकेनेच शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराकडून पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे करवून घेतली. ग्लासगोत १८६८ ते १८७१ या काळात टॉमस अॅनन याने गरिबांच्या कोंदट बोळांची अशीच नोंद केली. हे काम प्रेमाने झाले असे समजू नये. जे पाडायचे ते किती वाईट होते हे दाखवणे, हाही त्यामागचा एक हेतू होता. तरीही आज पॅरिसवासीयाला आपल्या पणजोबाची गल्ली पाहता येते. ती सोय औरंगाबादकराला नाही.

आता मराठवाड्याकडे परत येऊ. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, आणि निजामाच्या दरबारात १८८५ मध्ये एक असा छायाचित्रकार दाखल झाला, ज्याची घडण मुळात बांधकामाच्या नकाशांवर झाली होती. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळील सरधना येथला. शिक्षण रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत अंदाजपत्रके आणि आराखडे करणारे कर्मचारी म्हणून रुजू झाले. छायाचित्रण आले नंतर, १८७४ च्या सुमारास. पुढे मध्य भारतातील स्मारकांची त्यांची चित्रे गाजली, सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांची प्रशस्त चित्रगृहे निघाली. इमारत कशावर उभी राहते हे ज्याने आकडेमोड करून शिकले आहे, अशा माणसाची नजर त्यांच्या बिबी का मकबऱ्याच्या चित्रांतही जाणवते. उभ्या रेषा सरळ, जोते पूर्ण, सावली अशी की कोरीवकाम उठून दिसावे.

पण दीनदयाळ यांच्या संस्थेचे औरंगाबादशी असलेले सर्वांत मोलाचे नाते मकबऱ्याचे नाही. ते आहे दुष्काळी कामांचे. १८९९-१९०० चा दुष्काळ मध्य आणि पश्चिम भारतावर कोसळला, त्यात निजामाचे मराठवाडी जिल्हेही होरपळले. उपाय त्या काळाच्या रीतीनेच योजला गेला. धान्य किंवा पैसा हवा तर काम करा, म्हणजे खडी फोडा, रस्ते करा, तलाव खणा. ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या पेढीने निजाम सरकारच्या या ‘सत्कार्यां’ची छायाचित्रे काढली, आणि १८९५ ते १९०२ या काळातील म्हणून नोंदलेल्या त्या मालिकेत औरंगाबाद जिल्हा ठळकपणे आहे.

या मालिकेचा उद्देश शीर्षकातच आला. सरकार रयतेची काळजी घेत आहे, याचा तो चित्ररूप दाखला होता. ब्रिटिश रेसिडेंट, कलकत्त्याचे सरकार आणि विलायतेतील वृत्तपत्रे यांच्यासमोर हैदराबादला आपला कारभार सुधारलेला आहे हे सिद्ध करायचे होते. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातील हाडांचे सापळे झालेल्या माणसांची चित्रे जगभर फिरली होती, ती आठवण ताजी होती. त्या चित्रांनी सरकारची अब्रू घालवली. ही चित्रे ती राखण्यासाठी होती. भूक दाखवायची नव्हती, तिची व्यवस्था दाखवायची होती.

म्हणून ही चित्रे खोटी ठरतात का? तसे म्हणणे सोपे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते परवडणारे नाही. प्रचारासाठी काढलेल्या चित्रातही काचेवर उमटते ते सगळे काढणाऱ्याच्या ताब्यात नसते. मजुराचे कपडे, दंडाची जाडी, हातोडीचा आकार, सोबत आलेली मुले, सावलीसाठी केलेली सोय किंवा तिचा अभाव, हे सारे न सांगता नोंदले जाते. मराठवाड्याच्या शेतमजुराचा चेहरा बांधकामाच्या जागी, दगडांच्या ढिगाजवळ, आधी कुठे दिसतो असे विचारले, तर बोट याच मालिकेकडे जाते. त्याचे नाव मात्र चित्राखाली नाही. नाव असते ते कामाचे आणि जिल्ह्याचे.

याच वर्षांत मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे टाकली जात होती. १९०० च्या सुमारास औरंगाबादला गाडी आली आणि शहराचे तोंड फिरले. दिल्ली दरवाजाचे महत्त्व ओसरले, स्टेशनचा रस्ता मोठा झाला.

पुढच्या अर्धशतकावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९१४ पासून गुलाम याजदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची पद्धतशीर छायाचित्रे करवली, आणि कॅमेरा पुन्हा प्राचीनाकडेच वळला.

स्वातंत्र्यानंतरचे एक बांधकाम मात्र या कथेत वेगळे ठरते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय ज्या परिसरात उभे राहिले, त्याला नागसेनवन म्हणतात. त्या प्रसंगाची छायाचित्रे सरकारी दप्तरापुरती राहिली नाहीत. ती स्मरणिकांत, दिनदर्शिकांत, घरांच्या भिंतींवर गेली. बोरघाटाचे चित्र कंपनीला हवे होते, दुष्काळी कामाचे निजामाला. हे चित्र त्या इमारतीत शिकायला जाणाऱ्यांना हवे होते. पायाभरणीच्या फोटोचा धनी बदलला, की तो कुठे टिकतो हेही बदलते.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. या दोन तारखांच्या मध्ये १९७२ चा दुष्काळ आहे. मराठवाड्यातील साठीपुढची माणसे आजही ‘बहात्तर’ एवढेच म्हणतात. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, सुकडी, लाल मिलो ज्वारी, मुकादम आणि मस्टर. त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९०० च्या दुष्काळात काम हे राज्यकर्त्याचे ‘सत्कार्य’ होते. १९७७ मध्ये तो मजुराचा हक्क झाला. दोन्हीकडे हजेरी महत्त्वाची होतीच. मस्टरवर अंगठा नाही, तर मजुरी नाही.

आणि मग अंगठ्याच्या जागी कॅमेरा आला. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मोबाइल अॅपवरून दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे चढवणे सक्तीचे झाले. चित्रावर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटते. चित्र चढले नाही, तर त्या दिवसाची मजुरी अडकू शकते. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे काय, हा प्रश्न देशभरातील मजुरांनी विचारला. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच एक परिपत्रक काढून सांगावे लागले, की असंबद्ध चित्रे चढवली जात आहेत, कित्येक ठिकाणी तर जुन्या फोटोचाच फोटो काढून टाकला जातो. अॅलिस ट्रेडवेलच्या काचेपासून इथपर्यंत एक सरळ रेष आहे. फरक इतकाच, की तेव्हा मजूर हलला तर चित्रातून जाई. आता चित्रात नसला तर मजुरीतून जातो.

या हिशेबी छायाचित्रणाचा एक अनपेक्षित लाभही आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्याचे आधीचे राहते घर आणि नव्या घराची जागा यांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह घेतली जातात. मग जोते, छत, पूर्ण घर, प्रत्येक टप्प्याला चित्र आणि त्यावर पुढचा हप्ता. कोणाच्याही मनात नसताना देशातील मातीच्या, कुडाच्या, पत्र्याच्या घरांचा बहुधा सर्वांत मोठा चित्रसंग्रह अशा रीतीने सरकारी संगणकांत जमा झाला आहे. गिलने न काढलेली घरे तीच. पन्नास वर्षांनी मराठवाड्यातील धाब्याच्या घरावर प्रबंध लिहिणाऱ्याला याहून चांगले साधन मिळणार नाही, फक्त ते तोवर पुसले जाऊ नये.

शहराला मात्र असा संग्रह लाभलेला नाही. १९७० च्या दशकात सिडकोने जुन्या तटाबाहेर नवे औरंगाबाद आखले, चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथे औद्योगिक वसाहती आल्या, ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आत होती. २०११ मध्ये ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. वीस वर्षांत शहर दुप्पट झाले. आखलेल्या सिडकोचे नकाशे आहेत. पण वाढीचा मोठा वाटा गुंठेवारीचा आहे, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, बिनशेती परवान्याशिवाय विकलेल्या भूखंडांवर उभी राहिलेली घरे. वाळूजच्या कारखान्यात पाळी संपवून आलेल्या कामगाराने आज एक खोली, तीन वर्षांनी दुसरी, मुलीच्या लग्नाआधी गिलावा, असे बांधलेले घर. याचे प्रगती-छायाचित्र कोण काढणार? त्याचा पैसा देणारा आणि राहणारा एकच असतो.

गंमत म्हणजे पुरावा मागण्याची वेळ नेमकी त्याच्यावर येते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. १ जानेवारी २००१ ही त्याची पूर्वीची मुदत, ती २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. म्हणजे त्या तारखेला घर उभे होते की नव्हते, यावर सारे ठरते. वीजबिल, कराची पावती ही कागदपत्रे आलीच. पण ज्या भिंतीसमोर बारशाचा फोटो काढला, ती भिंत त्या दिवशी होती, हे तो फोटो सांगतो. कुटुंबाने बाळासाठी काढलेले चित्र घराच्या वयाचा साक्षीदार होऊन बसते.

मे २०२२ मध्ये जिल्हा प्रशासनाने लेबर कॉलनी पाडली. शासकीय कर्मचाऱ्यांची ती जुनी निवासस्थाने, ज्यांत काही कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या राहिल्या होत्या. हा वाद न्यायालयांतून फिरून आला होता. त्याचा निवाडा इथे करायचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या दिवसाचे चित्रण मुबलक झाले. यंत्रे, पोलीस, धूळ, वरून ड्रोनची दृश्ये. मार्व्हिलने पॅरिसच्या गल्ल्या पाडण्याआधी टिपल्या. इथे पाडणे टिपले गेले. कॉलनीतली बुधवार-संध्याकाळ, नळाची रांग, वाळत घातलेल्या पापडांची खाट ही ड्रोनच्या चित्रात नाही.

२०२५ च्या जून-जुलैत मुख्य रस्त्यांच्या रुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. जालना रस्ता, मुकुंदवाडी, पैठण रस्ता या भागांत हजारो बांधकामे हटली. रस्ते रुंद व्हायला हवेत असे म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे वाहतुकीत अडकलेल्या कोणालाही पटेल. दुकान गेलेल्याचे म्हणणे वेगळे असणार. या दोघांनाही पुढे कधी तरी एकच प्रश्न पडेल : इथे आधी काय होते? त्याचे उत्तर पालिकेच्या पंचनाम्यात काही अंशी असेल, आणि बरेचसे लोकांच्या फोनमध्ये.

फोनमधले ते उत्तर टिकवणे वाटते तितके सोपे नाही. मोबाइलने काढलेल्या मूळ चित्राच्या पोटात तारीख, वेळ, आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही नोंदलेले असते. तेच चित्र व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले, की ते आकसते आणि ही नोंद गळून पडते. नातेवाइकांच्या गटात फिरून परत आलेला फोटो दिसायला तोच असतो, पण साक्ष देण्याच्या कामाचा राहत नाही. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, मूळ प्रत वेगळी ठेवावी. आणि चित्रात काय आहे ते चार शब्दांत लिहावे : कोणता रस्ता, कोणत्या दिशेला तोंड, डावीकडे कोणाचे दुकान. दीनदयाळ यांच्या चित्रांखाली असा मजकूर होता, म्हणूनच ती आज औरंगाबादची म्हणून ओळखता येतात.

जुन्या कृष्णधवल फोटोंच्या बाबतीत तर पाठची बाजू आधी पाहावी. चित्रगृहाचा शिक्का, पत्ता, पेन्सिलने लिहिलेली तारीख तिथे असते. पुढची बाजू पाहताना चेहऱ्यांवरून नजर हटवून पार्श्वभूमी न्याहाळावी. दिल्ली दरवाजा किंवा पैठण दरवाजा परिसरात एखाद्या वरातीचा, एखाद्या नव्या सायकलचा, मोहरमच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो कोणाच्या तरी पेटीत असेल. माणसे मध्यभागी हसत असतील. त्यांच्या खांद्यामागे, थोडी पुसट, दगडी तटाची दोन-चार हात उंच रांग उभी असण्याची शक्यता आहे.